तळचा थांबा

"पण त्या झोपल्या होत्या कशावरून?" वकीलबाईंनी विचारलं, आणि पेनाला टोपण लावून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. टेबलावर माझी एकोणीस वर्षांपूर्वीची वही उघडी पडली होती. तारीख, वार रविवार, 'दुपार, ३ वाजून ५', आणि खाली आकड्यांच्या तीन रांगा: चढ, उतार, थांबा. मला हसू आलं. अहो, बायको माझी. सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, पडदे ओढून, भिंतीकडे तोंड करून, पांघरूण घेऊन पडलेलं माणूस. त्याला आमच्याकडे झोपणं म्हणतात, तुमच्या कायद्यात काय म्हणतात कोण जाणे. हे मी बोललोसुद्धा. बाई हसल्या नाहीत. "समोरच्या कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार," त्या म्हणाल्या. "आपण लिहून बसलोय की कॉम्प्युटरच्या दिव्याची ही लय झोपलेल्या माणसाच्या श्वासावरून घेतली. त्यांचं म्हणणं, असं काही घडलंच नाही. त्यांचा दिवा बघून तुम्ही हे आकडे मागाहून लिहिलेत. चाळीस श्वास, आणि सगळे एकसारखे. इतकं एकसारखं कुणी झोपतं का? मला त्यांची सही हवी. 'अमुक दिवशी, अमुक वेळी मी गाढ झोपेत होते.' बस्स, दोन ओळी." गाढ झोपेतल्या माणसाने आपण गाढ झोपेत होतो याची साक्ष कशी द्यायची, हे मी विचारणार होतो. पण तेवढ्यात बाईंनी पुढचं वाक्य टाकलं. "सही मिळाली तर पेटंटवरची नोंद दुरुस्त करून घेऊ. ज्यांचं नाव तिथे लागलंय ते मोठे साहेब आता नाहीत, वही तुमच्या हातची आहे. नाव तुमचं लागेल." मी सहीचा कागद घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

मी दिवे लावतो. ही थट्टा नाही, धंदा आहे. शाळेत दर निकालाला वडील म्हणायचे, "बघू, काय दिवे लावलेत ते," आणि पुढे मी खरोखरच त्याच कामाला लागलो तेव्हा त्यांना काय बोलावं ते सुचेना. कॉम्प्युटरच्या कडेला जो मुगाच्या दाण्याएवढा दिवा असतो ना, तो. तो कुठे असावा, केवढा असावा, कुठल्या रंगाचा, किती वेगाने उघडझाप करावी, हे कुणीतरी ठरवतं. लोकांना वाटतं ते आपोआप होतं. आपोआप घंटा होतं. सेकंदाला दोनदा लुकलुकला की माणूस घाबरतो, दोन सेकंदांतून एकदा लुकलुकला की त्याच माणसाला वाटतं, चाललंय आपलं काहीतरी, चालू दे. लाल रंग जपून वापरायचा, कारण लाल दिसला की गिऱ्हाईक वस्तू परत आणून देतं. पत्र्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडून दिवा मागे दडवायचा, म्हणजे विझल्यावर तिथे दिवा आहे हेच कळत नाही. आणि डिस्क चालू असताना जो दिवा फडफडतो, त्याच्यावर तर कुणी विश्वासच ठेवू नये. खरी डिस्क इतक्या वेगाने चालते की डोळ्याला काही दिसणारच नाही. म्हणून आम्ही ती फडफड ताणून, सावकाश करून दाखवतो. लोक ती बघून म्हणतात, बिचारं किती काम करतंय. दिव्याचं काम खरं सांगण्याचं नसतं, खरं वाटेल असं सांगण्याचं असतं. हे वाक्य मी कंपनीत नव्याने येणाऱ्या सगळ्यांना ऐकवत आलो आहे, आणि दरवेळी स्वतःवर खूश होत आलो आहे.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर बघवेना. कागद खिशात होता, घडी घातलेला, आणि तो आहे ना हे मी तीनदा चाचपून बघितलं. ती घर सोडून गेल्याला अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्यात मी तिच्याकडे कधी गेलो नव्हतो. फोन वर्षाकाठी एखादा, तोही कामाचा. एकदा तिच्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी, एकदा जुन्या घराच्या किल्लीसाठी. आता जायचं ते असं. काय म्हणायचं? "बरी आहेस ना, आणि हो, एकोणीस वर्षांपूर्वी तू झोपली होतीस ना?" बसच्या दाराशी तिकिटाचं यंत्र होतं, त्याचा हिरवा दिवा कुणीतरी बावळटासारखा बटणाच्या बरोबर शेजारी बसवला होता, त्यामुळे बोट पुढे केलं की दिवा बोटाखाली झाकायचा आणि तिकीट घेतलं गेलं की नाही ते कुणालाच कळायचं नाही. प्रत्येक जण दोनदा बटण दाबत होता. मला त्या अनोळखी माणसाचा, तो दिवा तिथे बसवणाऱ्याचा, भलताच राग आला. मग लक्षात आलं की राग त्याचा नाही. "झोपल्या होत्या कशावरून" हा प्रश्न काचेच्या खोलीतून माझ्याबरोबर बसमध्ये चढला होता, आणि उतरायचं नाव घेत नव्हता.

कशावरून म्हणजे? मी बघितलं होतं. माझ्या आयुष्यात मी नीट बघितलेली ती एकच गोष्ट असेल. तेव्हा मोठ्या साहेबांनी डोकं खाल्लं होतं. मशीन झोपवलं की ते बंद नाही, नुसतं झोपलंय, हे दिव्याने सांगायला हवं होतं. सरळ पेटता ठेवला तर लोक म्हणायचे, हे जागंच आहे. विझवला तर म्हणायचे, मेलं. लुकलुकवला तर, काय झालं, काय झालं! मी हळू चढता-उतरता दिवा करून दाखवला. साहेब म्हणाले, "हा रस्त्यावरच्या हॉटेलच्या पाटीसारखा बोलावतोय." वेग कमी केला. "आता दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतोय." तीन आठवडे असेच गेले. घरी तोच विषय, जेवताना तोच विषय, खिशात कायम ती पट्टी, तिच्यावर एक दिवा आणि एक बॅटरी. अशात तो रविवार आला. मी दुपारी काहीतरी घ्यायला आतल्या खोलीत गेलो. बहुतेक पक्कड. ती पलंगावर पाठमोरी झोपलेली. पडद्यातून येणारा उजेड तिच्या पांघरुणावर पडला होता आणि ते पांघरूण वर येत होतं, खाली जात होतं, आणि खाली गेल्यावर जरासं थांबत होतं. तो थांबा बघून माझ्या अंगावर काटा आला. हेच. हेच माझ्या दिव्यात नव्हतं. मी वर जाणं आणि खाली येणं करत बसलो होतो, आणि खाली आल्यावर काहीच न करण्याचा जो एक सेकंद असतो, तो माझ्या लक्षातच आला नव्हता. मी दबक्या पावलांनी जाऊन स्टॉपवॉच आणलं, वही आणली, पलंगाशी स्टूल ओढलं आणि बसलो. चढ पावणेदोन सेकंद. उतार सव्वादोन. थांबा एक. पाच सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला बारा. चाळीस श्वास मोजले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण आलं होतं. मला वाटलं, ही माझी बायको आहे, ही अशी झोपते, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.

सोमवारी साहेबांना दिवा दाखवला. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "हे निजलंय." पेटंटवर नाव त्यांचं लागलं, कारण साहेब होते, आणि मी काही बोललो नाही, कारण मी होतो. दिवा मात्र जगभर गेला. लोकांची पत्रं यायची. हॉस्टेलमध्ये एकटी राहणारी एक मुलगी लिहायची की दिवा बघत बघत मला झोप लागते. कुणी लिहायचं, शांत वाटतं. कुणी लिहायचं, घरात कुणीतरी आहे असं वाटतं. अशी पत्रं मी टेबलाच्या खणात ठेवत गेलो. आणि तिला जेव्हा सांगितलं, म्हणजे दिवा बाजारात आल्यावर, मशीन घरी आणून, मेजावर ठेवून, दिवे मालवून, तिला समोर बसवून, "ओळख पाहू, कुणाचा श्वास आहे हा?" तेव्हा ती त्या दिव्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो की आता ही वळेल, माझा हात धरेल, निदान रडेल तरी. ती म्हणाली, "अच्छा." आणि उठून चहा टाकायला गेली. अच्छा! हे मी तिला कधीच माफ केलं नाही. भांडताना कधी हे तोंडावर आणलं नाही, कारण आमचं भांडण होत नसे, पण पोटात ठेवलं. ती जाताना दोन बॅगा घेऊन दारात उभी होती. "तुझ्याशी भांडायचं म्हटलं तरी तू घरी सापडायला हवास ना," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी घरीच तर आहे." ती म्हणाली, "हो, दिवा पेटलेला दिसतो खरा." तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच, की ज्या बाईच्या श्वासाचं मी सोनं केलं तिला त्याचं काही नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण माझ्यासमोर काढायला घरात बंदी होती, कारण येणारा प्रत्येक पाहुणा ती काढायचा. त्या दिवशी मी स्वतःच ती मनात काढली, आणि अंधार म्हणजे ती, असं ठरवून मोकळा झालो.

ती कान तपासते. तेव्हाही तपासायची, आताही. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लिफ्टची सोबत नाही, बाहेर बाकावर म्हातारी माणसं एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत बसलेली. तिने मला दारातून बघितलं, कपाळाला आठी घातली, मग घड्याळाकडे बघितलं. केस तिने कापले होते. चष्मा नवा होता. "अरे," ती म्हणाली, "कोण गेलं?" म्हटलं, कुणी नाही गेलं, सही हवी आहे. "मग ठीक. जेवायची सुट्टी आहे माझी वीस मिनिटं. बाहेर बोलता नाही येणार, हे सगळे बहिरे आहेत पण कान टवकारून बसतात. आत ये." आत म्हणजे तपासणीची खोली, भिंतींना जाड फोम, दाराला रबर. दार लावलं तसा बाहेरचा आवाज सुरीने कापल्यासारखा तुटला. मला माझ्याच छातीतला भाता ऐकू यायला लागला. पेशंटच्या खुर्चीत मी बसलो, काचेपलीकडे तिचं यंत्र होतं, ती इकडेच माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तिने डबा उघडला. "जेवलास?" मी म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. "खोटं बोलतोस," ती म्हणाली, आणि अर्धी पोळी भाजीसकट माझ्या हातावर ठेवली, जशी अकरा वर्षांपूर्वी ठेवली असती तशी. मी कागद काढला. सगळं सांगितलं. वकीलबाई, दुसरी कंपनी, वही, नाव. बोलता बोलता मी फार बोललो, मला कळत होतं, पण त्या खोलीत थांबलं की इतकं शांत व्हायचं की थांबवत नव्हतं. तिने तेलकट बोटं रुमालाला पुसली, चष्मा वर केला आणि कागद वाचला. मग वही मागितली. वहीच्या झेरॉक्स प्रती होत्या माझ्याकडे, त्या दिल्या. तिने रांगेवरून बोट फिरवलं. पाच, पाच, पाच पूर्णांक एक, पाच, पाच.

"तुला काहीच वाटलं नाही हे लिहिताना?" ती म्हणाली.

"काय वाटायचं?"

"माझ्याकडे लोक येतात ना, खोटं बटण दाबणारे. कान बरा आहे असं दाखवायचं असतं, नोकरीसाठी वगैरे. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, दाबलं की माझ्याकडे दिवा लागतो. ऐकू येत नाही ते अंदाजाने दाबतात. मला लगेच कळतं. का सांगू? ते तालात दाबतात. खऱ्याला ताल नसतो रे. झोपेला तर नसतोच. झोपलेला माणूस मध्येच उसासतो, मध्येच विसरल्यासारखा करतो, कूस बदलतो. चाळीस श्वास एका मापाचे?" तिने प्रती माझ्या मांडीवर ठेवल्या. "मी जागी होते."

मी म्हणालो, "काहीतरीच."

"तुझं स्टॉपवॉच टकटक वाजत होतं. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे, निदान तेवढं तरी माहीत असेल. टक, श्वास वर. टक, खाली. टक. पहिले दोन-तीन श्वास मला कळेना, हे काय चाललंय. मग कळलं, हा मोजतोय. मग मीही तुझ्या टकटकीवर घ्यायला लागले. सोपं पडलं मला. काहीतरी धरायला मिळालं."

"पण मग उठली का नाहीस? बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला जमलं असतं. "तो रविवार कुठला होता?" ती म्हणाली. मी तारीख सांगितली. "तारीख नको. बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते. बाबांचा फोन कधी यायचा?" मला आठवेना. खरंच आठवेना. त्या खोलीत माझं न आठवणंसुद्धा ऐकू येत होतं. "रविवारी तीनला," ती म्हणाली. "दर रविवारी. बरोबर तीनला. तूच चिडवायचास, तुझ्या बाबांनी गजर लावलाय म्हणून. त्या दिवशी सकाळी मी तुला म्हटलं, आज फोन नाही येणार. तू हं म्हणालास आणि ती पट्टी माझ्या नाकासमोर धरलीस, बघ आता कसा दिसतोय. मी तीन वाजायच्या आधीच आत जाऊन पडले. फोन वाजत नाही ते ऐकत पडले होते. आणि बरोबर तीन वाजता तू आत आलास. काही न बोलता आलास, बाहेर गेलास, परत आलास, स्टूल घेऊन माझ्या पाठीशी बसलास. मला वाटलं, याला आठवलं." तिने डबा बाजूला सारला. "मला इतकं बरं वाटलं ना रे. मी मनात म्हटलं, आता हा पाठीवर हात ठेवेल. ठेवला की रडेन. तोवर कळ काढू."

पोळीचा तुकडा माझ्या हातात तसाच होता. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

"मग टक वाजलं," ती म्हणाली.

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मी दिवेवाला ना, माझा जीव त्यातच अडकलेला. "आणि तो थांबा? खाली आल्यावरचा? तो तर टकटकीवर नव्हता. तो पहिल्यापासून होता. तो मी दारातूनच बघितला."

"हुंदका गिळत होते," ती म्हणाली, डब्याचं झाकण लावता लावता, भाजीत मीठ जास्त झालंय म्हणावं तशी. "श्वास सोडला की यायचा तो. गिळायला तेवढा वेळ लागायचा." मग तिने हात पुढे केला. "आण. पेन आहे?"

"कशाला?"

"सही नको तुला?"

"पण तू झोपली नव्हतीस."

"तू एवढी वर्षं धरून चाललास की झोपले होते. आता कागदावर धरून चाल. माझं काय जातं? त्या दिव्याचं मी काय करू, परत मागू?" तिने सही केली. तीच जुनी सही, शेवटच्या अक्षराला उगाचच शेपूट काढलेली. "मशीन दाखवलंस त्या दिवशी सांगणार होते मी. तू दिवे मालवलेस, आणि तो तिथे वर-खाली व्हायला लागला. मला वाटलं, मीच तिथे पडलेय, आणि हा मला म्हणतोय ओळख पाहू. जिवावर आलं. चहा टाकला." बाहेर कुणीतरी दार वाजवलं असावं, कारण काचेपलीकडे एक छोटा दिवा लागला. ती उठली. "नाव लागेल ना तुझं नक्की? लागू दे. तुझ्या वडिलांना आवडलं असतं. आणि ती पोळी खा, हातात धरून काय बसलास."

बाहेर आलो. आवाज सगळा एकदम अंगावर आला. मी चालतच ऑफिसला गेलो, दीड तास लागला. रस्त्यात कशाकडे बघितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी तिच्यावर चिडत होतो. अगं, सांगायचं. तोंड नव्हतं का? माणसाने कसं ओळखायचं पाठीवरून? आणि चिडता चिडता मध्येच ती पाठ दिसायची, पांघरूण खाली जायचं, थांबायचं, आणि माझे हात मला दिसायचे. एका हातात स्टॉपवॉच, एका हातात पेन. दोन्ही हात गुंतलेले. तिसरा हात नव्हता असं नाही; वही खाली ठेवली असती तर मोकळा होता. हातभर अंतर होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे तर मी अजून शपथेवर सांगेन. माझ्या डोळ्यांत पाणी, तिच्या डोळ्यांत पाणी, मध्ये पांघरूण, आणि मी आकडे लिहितोय. ते पाणी मी तेव्हाच तिला दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण मला घाई होती, थांबा हातचा जाईल याची.

टेबलावर नव्या मशीनचा नमुना ठेवला होता, झोपलेला. दिवा वर गेला, खाली आला, आणि त्याने हुंदका गिळला. मला बघवेना. मी आकड्यांचं कोष्टक उघडलं, थांब्याच्या रकान्यात एक होतं ते खोडून शून्य केलं, आणि मशीन पुन्हा झोपवलं. आता दिवा वर जायचा, खाली यायचा, लगेच वर जायचा. बरं वाटलं. निदान रडत तरी नव्हता. पलीकडच्या टेबलावरून रंगारी उठून आला. रंगारी म्हणजे आमचा पत्र्याचे रंग ठरवणारा, चौदा वर्षं शेजारी बसतो, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. तो खुर्चीच्या पाठीवर रेलून बघत राहिला. "काय केलंस रे याला?" म्हणाला. म्हटलं, काही नाही, थोडं साफ केलं. "नाही, काहीतरी गेलंय यातलं. आधी निजलेला वाटायचा. आता नुसता चालू आहे." तो आणखी वाकला. "बघ ना, जीवच गेला. पूर्वीचं कर बाबा. ते बघितलं की कसं, सगळं ठीक आहे असं वाटायचं." आणि तो चहाला निघून गेला.

मी खण उघडला, पत्रं होती. शांत वाटतं. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. त्या हॉस्टेलमधल्या मुलीचं अक्षर गोल गोल होतं. ती आता चाळिशीला आली असेल. या सगळ्यांना काय कळवायचं? मी रकान्यात पुन्हा एक घातला. दिवा वर गेला, खाली आला, थांबला. रंगाऱ्याचं खरं होतं. फार सुंदर दिसत होता. याच्याइतकं चांगलं मी दुसरं काही केलेलं नाही आणि आता करणारही नाही, आणि यातही मी केलं ते एवढंच की मोजलं.

फोन वाजला. वकीलबाई होत्या. "मिळाली सही?" मी म्हटलं, मिळाली. "छान. आणि एक, तुमचंही एक निवेदन जोडावं लागेल, तुम्ही प्रत्यक्ष बघितलंत म्हणून. शपथेवर. म्हणून विचारते, राग मानू नका. तुम्ही पलंगाशी बसला होतात, अगदी जवळ. तुम्हाला खात्री आहे ना, त्या जाग्या नव्हत्या?"

समोर दिवा खाली आला होता. तो वर जाईपर्यंत मी थांबलो.

"नव्हती," मी म्हणालो. "मला कळलं असतं."